केवळाबाईचा जबाब

आई गेल्याला चाळीस दिवस होत आले तेव्हा गावच्या चर्चनं तिच्यासाठी स्मरणसभा ठेवली. महिला मंडळाच्या मनिषाचा मला नांदेडला फोन आला. "ताई, आईबद्दल तुम्हीच वाचायचं. लेकीनं वाचलेलं बरं दिसतंय. दोन पानं लिहून आणा."

मी हो म्हणाले. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं आया आहे. पेशंट मला सिस्टर म्हणतात, पण कागदावर आयाच. लिहायची सवय मोडलेली. तरी ड्युटी संपली की कपडे बदलायच्या खोलीत वही घेऊन बसायचे, आणि आठ दिवसांत दोन पानं झाली.

आईचं नाव केवळाबाई. एकतिसाव्या वर्षी ती विधवा झाली तेव्हा आनंदराजदादा सहा वर्षांचा होता आणि मी तीन वर्षांची. चाकूरच्या पुढे, फाट्यावरून आत आमचं गाव. गावाच्या कडेला आमची पंचवीस-तीस घरं आणि मधोमध चर्च. चर्चला घंटा नव्हती. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला होता. दर रविवारी साडेसातला आई तो लोखंडी दांड्यानं वाजवायची. चाळीस वर्षांत तिचे चुकलेले रविवार बोटांवर मोजता येतील. शनिवारी ती चर्च झाडायची, सतरंज्या झटकायची, वेदीवरचं कापड धुवून आणायची. ह्याचं कुणी तिला काही देत नव्हतं आणि दिलं असतं तर तिनं घेतलं नसतं. ती म्हणायची, "आपल्या घरचा केर काढायचे कुणी पैसे घेतंय का?"

ती नुसती चर्चचीच होती असं नाही. गावातल्या कुठल्याही आळीत बाई अडली की आईला बोलवणं यायचं. कुणी गेलं की अंघोळ घालायलाही तीच. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा चर्चच्या चार बायका घेऊन ती गेली आणि एकवीस दिवस तिथं भाकरी थापत राहिली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांना फोड होते. त्यानंतर कितीतरी दिवस जमिनीवर बसली की ती आधी हात टेकवून जमीन हलतेय का बघायची. कोरोनात सत्तरीला टेकलेली, तरी तोंडाला पदर बांधून बंद घरांच्या उंबऱ्यावर डबे ठेवायची.

हे सगळं मी लिहिलं. आणि माझ्याबद्दल एक गोष्ट लिहिली, कारण ती आईची गोष्ट आहे असं मला वाटत होतं.

शहाण्णव साली मी बारावी पास झाले. नांदेडला नर्सिंगला जायचं माझ्या मनात होतं. मार्क बरे होते, पण खुल्या यादीत बसतील इतके नव्हते. शाळेच्या रजिस्टरात आजोबांच्या वेळेपासून आमची जात हिंदू मांग लागलेली. तो दाखला जोडला असता तर राखीव यादीत माझं नाव नक्की लागत होतं; कागदावर ख्रिश्चन असलं की ती सवलत नाही. तलाठ्याचा कागद आणून मी अर्ज भरायला बसले. आईनं तो कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि मला चर्चमध्ये घेऊन गेली. आम्ही दोघी खाली गुडघे टेकून बसलो.

"रविवारी एक नाव आणि सोमवारी एक नाव, असं दोन नावांनी जगू नये, प्रिया," ती म्हणाली. "सीट मिळंल. पण कशाच्या बदल्यात, ते बघ."

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. तिचा चेहरा बघितला आणि मला खरोखर वाटलं की ती म्हणते तेच खरं. मीच म्हणाले, "नको मला." पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन शाळेत गेली आणि हेडमास्तरांच्या टेबलासमोर तासभर उभी राहून तिनं माझ्या दाखल्यावर 'ख्रिश्चन' असं लिहून घेतलं. दादाचा दाखला त्याआधीच शाळेतून निघाला होता. तो तसाच राहिला. त्याचा विचार मी तेव्हा केला नाही. रविवारी चर्चच्या पाळकांनी सगळ्या मंडळीसमोर मला उभं केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बायका रडल्या. त्या वर्षी खुल्या यादीत माझं नाव लागलं नाही. वर्षभरानं मी नांदेडला दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथल्याच चर्चच्या मंडळीतल्या एका ड्रायव्हरशी माझं लग्न झालं. आम्हाला मूलबाळ नाही.

मी कधी कुरकुर केली नाही. नव्या पोरी, माझ्याकडून सलाईन धरायला शिकलेल्या, दोन वर्षांनी मलाच बेडपॅन आणायला सांगतात. तेव्हा मी मनात म्हणायचे, मी काहीतरी राखलंय. आई आणि मी, आम्ही दोघींनी राखलंय.

सभा रविवारी होती. मी शुक्रवारीच लातूरच्या गाडीनं निघाले आणि फाट्यावर उतरले. मला अजून एक-दोन जुन्या लोकांकडून आईच्या आठवणी विचारायच्या होत्या. दादा चाकूरला मोबाईलचं दुकान चालवतो. तो मला घ्यायला गाडी घेऊन आला होता. वाटेत म्हणाला, "प्रिया, ते पत्रक-बित्रक काही छापू नका. नुसतं वाच. आणि फोटो मोबाईलवर टाकू नको." मला वाटलं, त्याला गाजावाजा नको असंल. आईच्या कबरीवर अजून नावाची पाटी नव्हती. तेही मी आळस म्हणून सोडून दिलं होतं.

संध्याकाळी मी बसवंतअप्पांकडे गेले. आमच्या घराला लागून त्यांचं किराणा दुकान आहे. लिंगायत घर, पण माझ्या लहानपणापासून त्यांच्या न्हाणीतलं गरम पाणी आमच्याकडे आणि आमच्या घरची लसणाची चटणी त्यांच्याकडे, असं चालायचं. अप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. गल्ल्यावर बसलेले होते. मी वही काढली तर त्यांना बरं वाटलं.

"लिही," ते म्हणाले. "तुझ्या मायनं आमच्या शांतम्माची तीन बाळंतपणं केली. तिसऱ्याला तर ती बाई मेलीच होती. केवळाबाईनं परत आणली."

मी लिहून घेतलं.

"आणि नातीसाठी म्हातारीनं जे केलं ते कुणी करणार न्हाई. तीन वर्षं झाली बग. तुझ्या भावाच्या पोरीचा डॉक्टरकीला नंबर लागला. मग ते जातीच्या तपासणीचे साहेब घर बघायला येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी तुझी माय माझ्याकडं आली. म्हणली, अप्पा, तुमचे देव एक दिवसासाठी द्या."

माझ्या हातात पेन तसंच राहिलं. "कसले देव?"

"देव्हाऱ्यातले. खंडोबाचा टाक, लक्ष्मीचा फोटो, समई. शांतम्मा जरा बिचकली. घरातले देव असे उचलून कसे द्यायचे. पण मग तीच म्हणली, द्या, तिला न्हाई म्हणून मी कुठं जाऊ. भिंतीवरचा तुमचा तो क्रूस काढून तिथं देव मांडले. साहेबांनी तुझ्या मायचा जबाब लिहून घेतला, मी बी साक्षीदार म्हणून सही केली. सांगितलं, हे पूर्वीपासूनचे हिंदूच हायत." अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं तोंड बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. "तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

"न्हाई."

"दिवस मावळायच्या आत तिनं देव परत आणून दिले," ते हळू आवाजात म्हणाले. "ताट घासून आणलं होतं. मग आमच्या पायरीवर बसून राहिली. पाणी दिलं तर घेतलं न्हाई."

मी उठले. चाकूरला जाणारी जीप पकडली आणि दादाच्या घरी गेले. वहिनी स्वयंपाकाला लागली होती. दादा नुकताच दुकान बंद करून आला होता. मी म्हणाले, "मला आईचा जबाब दाखव."

त्यानं उगाच न समजल्यासारखं केलं नाही. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. "कुणी सांगितलं तुला?" इतकंच विचारलं.

"ते सोड. कागद दाखव."

"झालं-गेलं ते झालं. आता बघून काय करणार?"

"दादा, दाखव."

त्यानं कपाटातून फाईल आणली. एस्तेरचे सगळे कागद त्यात होते. एस्तेर म्हणजे माझी भाची. चर्चमध्ये आणि घरात ती एस्तेर, शाळेत आणि आता सोलापूरच्या मेडिकलला शिवांगी. फाईलच्या मध्यावर तो जबाब होता. कुणा साहेबाच्या वळणदार अक्षरात लिहिलेला.

'मी केवळाबाई भ्रतार आबाजी, वय ७२ वर्षे, धंदा घरकाम, समक्ष विचारल्यावरून सांगते की, आम्ही पूर्वापार हिंदू मांग आहोत. आमच्या घरी खंडोबा व लक्ष्मीआई यांची पूजा होते. मी गावातील चर्चमध्ये झाडलोट करण्यासाठी कामापुरती जात होते. त्या धर्माशी माझा संबंध नाही.'

इथपर्यंत मी वाचलं आणि मला आईची कीवच आली. चाळीस वर्षांचे शनिवार तिनं स्वतःच्या तोंडानं मोलकरणीचे करून टाकले होते. माझा राग त्या क्षणी आईवर नव्हता. पण खाली अजून चार ओळी होत्या.

'माझी मुलगी प्रियदर्शनी हिने सन १९९६ मध्ये स्वतःच्या मर्जीने ख्रिश्चन धर्म स्वीकारला. त्यास माझी संमती नव्हती. तेव्हापासून तिचे आमच्या घरी येणे-जाणे नाही. तिच्याशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही. जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

खाली आईची सही. चर्चच्या साक्षरता वर्गात शिकलेली, 'ळ' सगळ्यात मोठा.

मी ते तीनदा वाचलं. वहिनीनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"साहेबांनी तुझ्या शाळेचा उतारा काढला होता," दादा सांगायला लागला. "मुलीच्या सख्ख्या आत्याच्या दाखल्यावर ख्रिश्चन कसं, म्हणून विचारलं. बाकी सगळं बसत होतं. तेवढंच एक आडवं येऊन राहिलं होतं."

"ते आईनंच लिहायला लावलं होतं."

"मला म्हाईत हाय. तसं सांगितलं असतं तर एस्तेरची सीट गेली असती. दोन वर्षं लातूरला क्लास, खोली, सगळं करून पोरीनं नंबर काढला होता. काय करायचं आम्ही?"

"आई लगेच तयार झाली?"

"न्हाई. तीन दिवस जेवली न्हाई. चौथ्या दिवशी म्हणली, काय बोलायचं ते शिकव मला."

"आणि मला कुणीच काही सांगितलं न्हाई."

"तू कबूल झाली असतीस का?"

"झाले असते," मी म्हणाले. "एस्तेरसाठी झाले असते. मी स्वतः येऊन सांगितलं असतं की मी मर्जीनं गेले. पण मला विचारायला पाहिजे होतं, दादा."

"अगं, कागदच हाय शेवटी. तुझं काय गेलं त्यात?"

"माझं सगळं असल्याच कागदापायी गेलंय," मी म्हणाले. वहिनीनं जेवायला वाढलं होतं. मी न जेवता गावी परत आले आणि आईच्या खोलीत बसून राहिले.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी मला आठवली. आई नांदेडला माझ्याकडे आठ दिवस राहून गेली होती. एका दुपारी मी तिच्या टाचांना तेल लावत होते तर ती म्हणाली, "प्रिया, त्या नर्सिंगचं तुला अजून वाईट वाटतंय का?" मी हसून म्हणाले, "न्हाई गं. देवानं बरंच दिलं." तिनं पाय आखडून घेतले आणि झोप आली म्हणून कुशीवर वळली. म्हणजे तेव्हा जबाब होऊन गेला होता. जिच्याशी संबंध नाही असं लिहून दिलं तिच्याच घरी ती आठ दिवस राहिली, माझ्या हातचं जेवली, निघताना माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि बोलली नाही.

शनिवारी सकाळी मनिषा चर्च झाडायला आली. आईचं काम आता तिच्याकडे आहे. मी तिला सरळ विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तिनं झाडू भिंतीला लावला. "सगळ्यांना ठाऊक होतं, ताई."

"पाळकांना?"

"त्यांनीच पत्र दिलं. मंडळीच्या रजिस्टरात केवळाबाईचं नाव न्हाई म्हणून. जुनं रजिस्टर वाळवी लागून गेलं असं सांगितलं. तुम्ही नांदेडला असता, तुम्हाला काय सांगावं. इथं प्रत्येक घरी तसंच हाय. माझ्या दोन्ही पोरांचे दाखले तसेच हायत. न्हाईतर शिकवायचं कसं? ह्या सगळ्या मंडळीत कागदावर ख्रिश्चन म्हणून तुम्ही एकट्याच हायत."

मला त्या बायका आठवल्या, शहाण्णव साली माझ्यासाठी रडलेल्या. त्यांच्या पेटीत तेव्हाही असलेच दाखले असतील. मनिषाला मी दोष देऊ शकत नव्हते. दोन पोरांची आई. पण त्या दिवशी त्यांतल्या एकीनं जरी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं की पोरी, असं करू नको, आम्ही कुणी करत नाही!

"एक सांगते," मनिषा म्हणाली. "त्या दिवसानंतर आईनं प्रभुभोजनाची भाकर घेतली न्हाई. शेवटपर्यंत. दर महिन्याला मागं जाऊन बसायच्या. कुणी विचारलं तर पोट बरं न्हाई म्हणायच्या. मी एकदा म्हणले, आता पुरे करा. तर म्हणल्या, मी त्याला सांगितलंय, तो बघंल."

"त्याला सांगितलं," मी म्हणाले. "मला न्हाई सांगितलं."

मनिषानं झाडू उचलला.

रविवारी चर्च भरलं. गावातली इतरही माणसं आली होती. अप्पा दारापाशी खुर्चीवर बसले होते. एस्तेर पहाटेच्या गाडीनं सोलापूरहून आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या मिठीवरून मला कळलं की त्या चार ओळी तिला माहीत नाहीत.

गायन झालं. पाळक उभे राहिले. माझ्याकडे हात करून त्यांनी मंडळीला सांगितलं, "केवळाबाईंची ही कन्या. प्रभूच्या नावासाठी हिनं सरकारी सीट नाकारली. ही आपल्या मंडळीची साक्ष आहे." कुणीतरी आमेन म्हणालं. हे पाळक बदलीनं इथं येऊन चारच वर्षं झालीत. म्हणजे ही गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली असणार, आणि ते प्रसंगाप्रसंगाला ती सांगत असणार. ते पत्र लिहिणारा हातही हाच.

मी पुढे गेले. दोन्ही पानं माझ्या हातात होती. किल्लारीचं वाचलं, बाळंतपणांचं वाचलं, कोरोनाचे डबे वाचले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि मी तो खाली आवाजात वाचला नाही. शहाण्णव सालाचा परिच्छेद आला तेव्हा तो सोडून दिला. दादा पहिल्या ओळीत मान खाली घालून बसला होता. तो घाबरला होता, मी काय बोलेन म्हणून. मला बोलता आलं असतं. समोर अप्पा होते, पाळक होते, गावचा ग्रामसेवक होता. आणि तिसऱ्या ओळीत एस्तेर होती.

शेवटी मी वाचलं, "केवळाबाईच्या पश्चात एक मुलगा, एक सून आणि एक नात असा परिवार आहे." आणि कागद मिटला.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. ज्यांना कळलं त्यांना कळलं. पाळकांनी घाईनं पुढचं गायन घ्यायला सांगितलं. मी मधल्या वाटेनं चालत बाहेर आले, आईच्या खोलीतून पिशवी घेतली आणि फाट्याकडे निघाले.

एस्तेर मागून पळत आली. "आत्या, जेवण तरी कर. आणि तू तुझं नाव का घेतलं न्हाईस?"

"बाबाकडं तुझी फाईल हाय," मी म्हणाले. "ती पहिल्या पानापासून वाच."

नांदेडची गाडी अर्ध्या तासानं आली. तोवर ती माझ्याजवळ उभी होती.

दादाचे फोन आले. मी उचलले नाहीत. घरी मालकांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नये." मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही. इथल्या चर्चला मी जाते. कधी प्रार्थना होते, कधी नुसती बसून येते. आईचा फोटो मी भिंतीवरून काढला नाही, पण फुलं लावायचं बंद केलंय.

दोन महिन्यांनी एस्तेर एकटी नांदेडला आली. मी नुकतीच ड्युटीवरून आले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाण्याचा ग्लास हातात तसाच.

"वाचलं मी," ती म्हणाली. "आत्या, मी सीट सोडते. मी कॉलेजात जाऊन खरं सांगते."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती खरोखर सोडायला निघाली होती. अठराव्या वर्षी मी जशी होते, तशीच ती मला दिसली, आणि मला तिच्यासाठी भीती वाटली.

"काही सोडायचं न्हाई," मी म्हणाले. "अशानं कुणाचं भलं होत न्हाई. मी सोडून बघितलंय. तू डॉक्टर हो."

"मग तू घरी ये. बाबा रडत होते."

"तुझ्या बाबाला सध्या तरी इथं येऊ नको म्हण. तू येत जा."

तिनं ग्लास खाली ठेवला. मग विचारलं, "आजीला माफ केलंस?"

"न्हाई," मी म्हणाले. "करावं असं वाटतंय. पण होत न्हाई अजून."

तिनं मान हलवली. मी कणीक मळायला घेतली. सोलापूरची शेवटची गाडी सहाला होती आणि तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.